लिहून दिलं, पण पैसे आले नाहीत? घरबसल्या लेखनकाम घेणाऱ्यांनी काम घेताना काय पाहावं, पैसे अडकले तर कुठे जावं

गावात राहून मोबाइल किंवा लॅपटॉपवर लेखनकाम करणारे तरुण-तरुणी आता बहुतेक तालुक्यांत दिसतात. कुणी वेबसाइटसाठी लेख लिहितं, कुणी यूट्यूब चॅनेलची स्क्रिप्ट, तर कुणी इंग्रजीचं मराठी भाषांतर करून देतं. शाळेची स्मरणिका, पतसंस्थेचा अहवाल, क्लासच्या नोट्स आणि निवडणुकीची पत्रकं हीही कामं असतात. काम मिळतं, वेळेत होतं आणि पसंतही पडतं. पैशाची वेळ आली की मात्र ‘या आठवड्यात करतो’, ‘साहेब बाहेरगावी आहेत’ सुरू होतं आणि शेवटी फोन उचलणं बंद होतं.

किराणा दुकानात ‘आज रोख, उद्या उधार’ अशी पाटी असते. लेखनकाम करणाऱ्याकडे अशी पाटी नसते आणि एकदा पाठवलेली फाइल परतही आणता येत नाही. त्यामुळे पैसे बुडू नयेत यासाठीची मोठी काळजी काम सुरू करण्याआधीच घ्यावी लागते. नंतर कायदा मदत करतो, पण हातात पुरावा असेल आणि मुदत पाळली असेल तरच.

पैसे कुठे अडकतात?

तालुक्याच्या ठिकाणी पैसे अडकण्याच्या काही ठरलेल्या जागा आहेत.

• निवडणुकीचं काम. पत्रक, भाषण, सोशल मीडियाचा मजकूर सगळं घाईत हवं असतं. निकाल लागला की हरलेला उमेदवार भेटत नाही आणि जिंकलेल्याला वेळ नसतो. या कामाचे पैसे मतदानाआधीच घ्यावेत. उमेदवाराला निवडणूक खर्चाचा हिशेब द्यावा लागतो, म्हणून बिल देणं त्याच्याही सोयीचं असतं.

• स्मरणिका आणि विशेषांक. ‘जाहिराती आल्या की देतो’ असं सांगितलं जातं. जाहिराती येणं ही संपादक मंडळाची जबाबदारी आहे, त्यांच्या भरवशावर लिहिणाऱ्याची मजुरी ठेवू नये.

• मधला माणूस. पुण्या-मुंबईच्या किंवा दिल्लीच्या कंपनीचं भाषांतर एखादी एजन्सी घेते आणि पुढे गावाकडे वाटते. पैसे मागितले की ‘वरून पेमेंट आलं नाही’ हे उत्तर मिळतं. लिहिणाऱ्याचा व्यवहार एजन्सीशी झालेला असतो, वरच्या कंपनीशी नाही. वेगळं काही ठरलेलं नसेल तर पैसे देण्याची जबाबदारी एजन्सीचीच.

• ओळखीचं काम. नात्यातले, गावातले प्रतिष्ठित, जुने सर. यांच्याकडे पैशाचं बोलायला जड जातं आणि तिथेच सगळ्यात जास्त काम फुकट जातं.

• फुकट नमुना. ‘आधी पाच लेख सँपल म्हणून द्या, आवडले तर काम देऊ.’ दहा जणांकडून असे पाच-पाच लेख घेतले की त्याचं काम झालेलं असतं. नमुना म्हणून जुनं केलेलं काम दाखवावं. नवीनच हवं असेल तर एक छोटा परिच्छेद पुरे, पूर्ण लेख हवा असल्यास त्याचे पैसे सांगावेत.

काम घेण्याआधी विचारायच्या सात गोष्टी

१. काम देणाऱ्याचं पूर्ण नाव, संस्थेचं नाव आणि पत्ता काय? फक्त मोबाइल नंबरवर काम घेऊ नये. उद्या नोटीस पाठवायची झाली तर पत्ता लागतोच.

२. काम नेमकं किती? शब्द किती, पानं किती, कोणत्या भाषेत.

३. दर काय? शब्दावर, पानावर की पूर्ण कामाचा? शब्दावर असेल तर मूळ मजकुराचे शब्द मोजायचे की भाषांतराचे, हेही विचारावं. इंग्रजीचं मराठी केलं की शब्दांची संख्या बदलते आणि वाद तिथेच होतो.

४. आगाऊ रक्कम किती? नवीन माणूस असेल तर निम्मी रक्कम आधी मागण्यात गैर काही नाही.

५. बाकी रक्कम कोणत्या तारखेला? ‘काम झाल्यावर’ असं मोघम नको. ‘फाइल दिल्यापासून १५ दिवसांत’ असं ठरवावं.

६. दुरुस्त्या किती वेळा? दोन वेळा फुकट, त्यानंतर वेगळे पैसे, असं आधीच सांगावं.

७. काम मध्येच थांबवलं तर? तोवर झालेल्या कामाचे पैसे मिळतील, हे लिहून घ्यावं.

तीन वाक्यं ऐकली की सावध व्हावं: ‘पसंत पडलं तर पैसे’, ‘छापून आल्यावर पैसे’ आणि ‘वरून आले की पैसे’. पैसे कधी मिळणार हे या तिन्हींत समोरच्याच्या हातात राहतं.

करारपत्र नको, एक मेसेजही चालतो

स्टॅम्प पेपर नाही म्हणजे करार नाही, असा बऱ्याच जणांचा समज आहे. तो चुकीचा आहे. भारतीय करार कायदा १८७२ नुसार अशा कामाचा तोंडी करारही ग्राह्य असतो. अडचण असते ती सिद्ध करण्याची. म्हणून फोनवर बोलणं झालं की लगेच व्हॉट्सॲप किंवा ईमेलवर लिहून पाठवावं आणि समोरच्याकडून ‘ओके’ किंवा ‘मान्य’ घ्यावं. मेसेज असा लिहिता येईल:

*‘नमस्कार सर. आज फोनवर ठरल्याप्रमाणे: १० लेख, प्रत्येकी सुमारे ८०० शब्द, मराठीत. प्रत्येक लेखाचे ५०० रुपये, एकूण ५,००० रुपये. २,५०० आगाऊ, बाकी २,५०० शेवटची फाइल दिल्यापासून १५ दिवसांत. दोन वेळा दुरुस्ती यातच. पूर्ण पैसे मिळेपर्यंत मजकुराचे हक्क माझ्याकडे राहतील. मान्य असल्यास कृपया कळवा, म्हणजे काम सुरू करतो.’*

आकडे उदाहरणादाखल आहेत, आपले टाकावेत. ओळखीच्या माणसाला हाच मेसेज पाठवताना ‘दादा, विसरायला नको म्हणून लिहून ठेवतोय’ एवढं जोडलं की त्यालाही वावगं वाटत नाही. एवढ्यालाही जो ‘मान्य’ म्हणत नाही, तो पैसे देताना काय करेल याचा अंदाज तिथेच येतो.

फाइल कशी द्यायची?

मोठं काम एकदम देऊ नये. १०० पानांचं भाषांतर असेल तर २५ पानं झाली की त्याचे पैसे घ्यावेत, मग पुढची २५. पहिल्याच हप्त्याला टाळाटाळ झाली तर नुकसान २५ पानांवर थांबतं.

शेवटच्या टप्प्यात आधी पाहण्यासाठी पीडीएफ द्यावी, तिच्यावर आडवं ‘नमुना प्रत’ असं छापावं. वर्डची किंवा छपाईची फाइल पैसे खात्यात आल्यावर द्यावी. ‘पैसे पाठवले’ असा स्क्रीनशॉट आला तर त्यावर विसंबू नये. बँकेच्या ॲपमध्ये किंवा पासबुकात रक्कम दिसली तरच ती आली असं धरावं.

अपवर्क, फायव्हरसारख्या ऑनलाइन ठिकाणी ग्राहकाकडून पैसे आधी जमा करून घेतले जातात. तिथे काम मिळालं आणि समोरचा ‘इथलं कमिशन वाचवू, टेलिग्रामवर या’ म्हणाला तर जाऊ नये. बाहेर गेल्यावर ते संरक्षण उरत नाही.

बिल द्याच

वहीच्या कागदावर लिहिलं तरी चालेल, पण बिल द्यावं. त्यात बिल नंबर, तारीख, दोघांची नावं-पत्ते, कामाचं वर्णन, रक्कम, पैसे देण्याची शेवटची तारीख आणि बँक खातं असावं. पॅन नंबर मागितल्यास द्यावा.

‘जीएसटी नंबर नाही, म्हणून पेमेंट होत नाही’ असं कारण काही जण देतात. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाख रुपयांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणी बंधनकारक नसते. साध्या बिलावर पैसे देता येतात.

कंपनीने टीडीएस कापून पैसे दिले तर तो आपल्या पॅनवर जमा झाला का, हे आयकर विभागाच्या संकेतस्थळावर पाहावं. कंपनीने तिमाही विवरण भरलं की नोंद दिसते. उत्पन्न करपात्र नसेल तर विवरणपत्र भरून ही रक्कम परत मागता येते. पॅनवरची ही नोंद म्हणजे त्या कंपनीशी व्यवहार झाल्याचा पक्का पुरावासुद्धा आहे.

उद्यम नोंदणी: फुकट आहे आणि वसुलीत सगळ्यात उपयोगी

घरबसल्या लेखनकाम करणारी व्यक्तीही सेवा देणारा सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदणी करू शकते. उद्यम पोर्टल १ जुलै २०२० पासून सुरू आहे. आधार आणि पॅन लागतं, फी काहीच नाही. पैसे मागणाऱ्या खासगी वेबसाइट गूगलवर वर दिसतात, त्यापासून सावध राहावं. सरकारी संकेतस्थळाचा पत्ता ‘जीओव्ही डॉट इन’ने संपतो.

नोंदणीचा फायदा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा २००६ मधून मिळतो. त्यातल्या कामाच्या गोष्टी अशा:

• पैसे देण्याची तारीख ठरली असेल तर त्या तारखेला, पण काम स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावेच लागतात. तारीख ठरली नसेल तर ही मुदत १५ दिवसांची.

• उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. समजा बँक दर ६ टक्के असेल तर व्याज १८ टक्के. २० हजारांचं बिल वर्षभर थकलं तर साधारण २३ हजार ९०० रुपये देणं होतं.

• पैसे नाही मिळाले तर सरकारी पोर्टलवर ऑनलाइन अर्ज करता येतो. तो सुविधा परिषदेकडे जातो. परिषद आधी समेट घडवायचा प्रयत्न करते, नाही जमलं तर लवादाने निर्णय होतो. कायद्यात ९० दिवसांची मुदत आहे, प्रत्यक्षात जास्त वेळ लागू शकतो.

• निर्णयाविरुद्ध ग्राहकाला कोर्टात जायचं असेल तर निकालातल्या रकमेच्या ७५ टक्के आधी भरावे लागतात. त्यामुळे नुसतं रेंगाळत ठेवणं त्याला परवडत नाही.

यात एक अट महत्त्वाची. काम घेण्याआधी नोंदणी झालेली असावी. पैसे अडकल्यावर नोंदणी केली तर जुन्या बिलाला तिचा फायदा मिळेलच असं नाही. म्हणून आज अडचण नसली तरी नोंदणी करून ठेवावी आणि बिलावर उद्यम क्रमांक छापावा. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आयकरातही बदल झाला आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं देणं मुदतीत दिलं नाही तर कंपनीला तो खर्च त्या वर्षात दाखवता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच दाखवता येतो. त्यामुळे बिलावर उद्यम क्रमांक दिसला की कंपनीचा अकाउंटंटही लक्ष देतो.

माहितीसाठी जिल्हा उद्योग केंद्रात चौकशी करता येते.

लिहिलेल्या मजकुरावर हक्क कुणाचा?

कॉपीराइट कायदा १९५७ नुसार नोकरीत नसलेल्या, स्वतंत्रपणे लिहिणाऱ्या व्यक्तीचा मजकूर पहिल्यांदा तिच्याच मालकीचा असतो. तो हक्क दुसऱ्याला द्यायचा तर सहीनिशी लेखी लागतं. म्हणून पैसे मिळण्याआधी ‘सर्व हक्क दिले’ अशा कागदावर सही करू नये. पैसे न देताच लेख वापरला असेल तर ‘पैसे द्या किंवा लेख काढा’ असं ठामपणे लिहिता येतं. वेबसाइट किंवा यूट्यूबसारख्या ठिकाणी कॉपीराइटची तक्रारही करता येते. लेख कुठे, कोणत्या तारखेला वापरला याचे स्क्रीनशॉट आधी काढून ठेवावेत.

पैसे थकले: पायरी पायरीने काय करायचं?

पहिली पायरी, आठवण. तारीख उलटली की दुसऱ्याच दिवशी नम्र मेसेज: ‘सर, बिल क्रमांक ७ ची मुदत काल संपली. रक्कम कधीपर्यंत जमा होईल ते कृपया कळवा.’ फोनवर ‘देतो’ म्हणाले तर लगेच लिहावं, ‘आपण सांगितल्याप्रमाणे सोमवारी पैसे येतील असं धरतो.’ त्यांनी ‘हो’ लिहिलं की देणं मान्य केल्याचा पुरावा तयार झाला.

दुसरी पायरी, काम थांबवणं. जुनं बिल थकलेलं असताना नवीन काम घेऊ नये. ‘हे एवढं करून द्या, दोन्हीचे एकदम देतो’ यात अडकलेली रक्कम दुप्पट होते.

तिसरी पायरी, लेखी मागणी. साधारण १५ दिवस वाट पाहून स्पीड पोस्टने पत्र आणि सोबत ईमेल. त्यात बिल, तारीख, रक्कम, कायद्याने लागू असलेलं व्याज आणि शेवटची मुदत लिहावी. पोस्टाची पावती जपावी. वकिलामार्फत नोटीस दिली तर वजन जास्त पडतं.

चौथी पायरी, सुविधा परिषद किंवा लोक अदालत. उद्यम नोंदणी असेल तर सुविधा परिषद. नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे दाखलपूर्व प्रकरण म्हणून अर्ज द्यावा, ते लोक अदालतीत ठेवलं जातं. कोर्ट फी लागत नाही. तडजोड झाली तर तो निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा असतो, त्यावर अपील नाही. मात्र समोरचा तयार नसेल तर तिथे जबरदस्ती करता येत नाही. महिला, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग आणि कमी उत्पन्न असलेल्यांना मोफत वकील मिळू शकतो, महिलांना तर उत्पन्नाची अटही नाही. हेल्पलाइन क्रमांक १५१००.

पाचवी पायरी, दिवाणी दावा. तो साधारणपणे ३ वर्षांच्या आत करावा लागतो. मुदत संपण्याआधी समोरच्याने सहीनिशी लेखी कबुली दिली तर मुदत नव्याने मोजली जाते. नुसतं तोंडी ‘देतो देतो’वर तीन वर्षं काढली तर कोर्टाचा दरवाजा बंद होतो.

चेक दिला आणि वटला नाही तर? इथे तारखा फार कडक आहेत. चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावी. नोटीस मिळाल्यापासून समोरच्याला पैसे देण्यासाठी १५ दिवस मिळतात. तरी दिले नाहीत तर पुढच्या एक महिन्यात कोर्टात तक्रार करावी. पराक्रम्य संलेख कायद्याच्या कलम १३८ खाली हा गुन्हा आहे. चेक आला की लगेच बँकेत भरावा, तारखेपासून तीन महिन्यांनी तो चालत नाही.

कुठे जाऊन उपयोग नाही?

ग्राहक मंच वस्तू किंवा सेवा विकत घेणाऱ्यासाठी आहे, इथे लिहिणारा सेवा देणारा आहे. त्यामुळे तिथे ही तक्रार बसत नाही. पैसे दिले नाहीत एवढ्यावर पोलीस बहुतेक वेळा ‘हा दिवाणी वाद आहे’ असंच सांगतात. खोटं नाव, खोटी कंपनी, सुरुवातीपासून फसवायचाच हेतू, असं दिसत असेल तर मात्र फसवणुकीची तक्रार देता येते.

चिडून फेसबुकवर किंवा गावाच्या ग्रुपवर नाव टाकून शिव्या घालणंही टाळावं. पैसे राहतात बाजूला आणि उलट अब्रुनुकसानीची तक्रार मागे लागते.

उलटीच वसुली: टायपिंगच्या नावाखाली फसवणूक

‘घरबसल्या टायपिंग करा, महिना २० हजार कमवा’ अशा जाहिरातींमागे वेगळाच धंदा असतो. आधी नोंदणी फी मागतात. किंवा ऑनलाइन करार करून काम देतात, मग ‘चुका जास्त झाल्या, करार मोडला’ म्हणत वकिलाच्या नावाने नोटीस पाठवतात आणि दंड मागतात. अशा मेसेजला घाबरून पैसे भरू नयेत. खरं काम देणारा लिहिणाऱ्याकडून पैसे मागत नाही. आणि पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. रक्कम गेलीच तर लगेच १९३० वर फोन करावा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी.

पुरावा असा जपावा

काम ठरल्यापासूनचे सगळे मेसेज ठेवावेत. व्हॉट्सॲपचे आपोआप पुसले जाणारे मेसेज बंद करावेत. चॅट एक्सपोर्ट करून स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवावी. फाइल शक्यतो ईमेलनेच द्यावी, तारीख आणि वेळ राहते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमानुसार कोर्टात असा डिजिटल पुरावा देताना कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं, ते वकील तयार करून देतात. प्रकरण मिटेपर्यंत तो मोबाइल विकू नये की फॉरमॅट करू नये.

थोडक्यात

• नाव, पत्ता, दर आणि तारीख लिहून घेतल्याशिवाय काम सुरू करू नये.
• नवीन ग्राहकाकडून आगाऊ रक्कम, मोठं काम हप्त्यांत.
• शेवटची फाइल पैसे खात्यात दिसल्यावर.
• उद्यम नोंदणी आजच, फुकट.
• थकबाकी असताना नवीन काम नाही.
• चेक परत आला तर ३० दिवस, दाव्यासाठी ३ वर्षं.
• मोफत कायदेशीर मदत १५१००, ऑनलाइन फसवणूक १९३०.